सरांच्या चालीनं

“सोडा! अहो, सोडा ना तो पट्टा!”

मी ओट्यावरून ओरडत होते, पण सरांनी काही पट्टा सोडला नाही. वाण्याच्या फळीखालून मांजर निघालं, कप्ताननं त्याच्यामागे झेप घेतली आणि सर रस्त्यावर पालथे पडले. नुसते पडले असते तर एक वेळ ठीक होतं. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, त्यामुळे ते तसेच फरफटत गेले, पार गटाराच्या कडेपर्यंत. मी अनवाणीच धावले. माझ्या आधी कोपऱ्यावरचा मेडिकलवाला शकील पोचला होता. त्यानं त्यांना धरून उठवलं आणि दुकानाच्या पायरीवर बसवलं.

“सर, लागलं काय हो?” शकील त्यांचा जुना विद्यार्थी, त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“मला काही झालेलं नाही,” सर म्हणाले. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. “कुत्र्यानं ओढलं.”

मग जमलेल्या सगळ्यांनी कुत्र्याला शिव्या घातल्या. कप्तान शेपूट पोटात घालून सरांच्या बुटांशी बसला होता, त्याला काय कळणार? पण मी ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. मांजर निघायच्या आधीच सरांचे पाय थांबलेले होते. कुत्र्यानं ओढलं हे खरं, पण पाय हलत असते तर दोन पावलं पुढे जाऊन ते सावरले असते. हे मी तिथं बोलले नाही. घरी येऊन जखम धुतानाही बोलले नाही.

सर म्हणजे माझे मिस्टर. अख्खं कऱ्हाड त्यांना हिंगमिरे सर म्हणायचं, म्हणून चारचौघांत मीही सरच म्हणायला लागले आणि तेच तोंडी बसलं. शाळेत पी.टी. शिकवायचे. पंधरा ऑगस्टला त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मैदानाकडेच्या चिंचेवरचे कावळे उडायचे. ताठ मान, छाती पुढे, आणि चाल अशी, की पेठेतल्या बायका म्हणायच्या, सर गेले वाटतं, आता घड्याळ लावून घ्या. मी शिवणक्लास चालवायची. माझ्या क्लासच्या पोरी खिडकीतून त्यांची चाल बघून खुसुखुसु हसायच्या, आणि मला मेलीला त्याचाच अभिमान.

रिटायर झाले त्या दिवशी शाळेच्या मैदानावरून एक तांबडं पिल्लू त्यांच्या मागं मागं घरापर्यंत आलं. हाकललं तरी जाईना. त्याचं नाव कप्तान ठेवलं. पिल्लू बघता बघता वासराएवढं झालं, आणि त्याच दिवसांत सरांचा हात कापायला लागला.

कंपवात. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि घरी आल्यावर सरांनी त्या नावाला बंदी घातली. कापणारा हात खिशात गेला. आवाज बसला, तर म्हणायचे थंडी झाली. पण पायांचं काय करणार? चालता चालता पाय मध्येच जमिनीला चिकटायचे. उंबऱ्याशी, दाराशी, जागा जरा अरुंद झाली की हमखास. माणूस उभाच्या उभा, आणि पाय काही निघत नाहीत.

“काठी घ्या ना,” मी म्हणून पाहिलं होतं.

“काठी म्हाताऱ्यांना.”

“मग माझा हात धरा.”

“भर पेठेतून बायकोचा हात धरून जाऊ? त्यापेक्षा घरात बसतो.”

पण घरात बसत नव्हते. रोज सकाळी कप्तानला घेऊन कृष्णेच्या घाटापर्यंत जायचे. मला आधी वाटायचं, कुत्र्याची हौस. मग एकदा त्यांनीच सांगून टाकलं, बुटाची नाडी मी बांधत होते तेव्हा. “कुत्र्याबरोबर माणूस हळूच चालतो. मधे मधे थांबतो. कोणी विचारत नाही का थांबलास म्हणून.”

तेव्हापासून कप्तान माझ्या लेखी कुत्रा राहिला नाही. सरांचं घराबाहेर जाणं त्याच्यावर अवलंबून होतं. आणि आता त्यानंच त्यांना पाडलं होतं.

पडल्याची बातमी बडोद्याला आमच्या बसवराजला कोणी कळवली कोण जाणे. रात्रीच फोन. “आई, बास झालं. मांडीचं हाड मोडलं असतं म्हणजे? दिवाळीला येतो तेव्हा त्या कुत्र्याला विंगला काकांच्या मळ्यात सोडून येतो. तिथं मोकळा राहील.”

“अरे, पण तुझे बाबा...”

“बाबांना दे फोन.”

सरांनी फोन कानाला धरला. लेक पलीकडून पुष्कळ बोलला. सरांनी एवढंच म्हटलं, “ने.” आणि फोन माझ्या हातात देऊन ते आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट मागितले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. खुर्ची आत भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितली, रस्ता दिसू नये म्हणून. कप्तान पट्टा तोंडात धरून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचा. सर त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मला ते बघवेना. ज्या माणसानं उभा जन्म मैदानावर काढला तो भिंतीकडे बघत बसणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, दिवाळीला अजून अवकाश आहे. बघतेच.

जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर निकम तरुण, पण समजूतदार माणूस. मला वाटलं होतं गोळी-बिळी देतील कुत्रं शांत करायची. ते हसले.

“काकू, ओढलं की त्याला जिथं जायचं तिथं तो पोचतो. मग तो का नाही ओढणार?”

“मग करू काय?”

“ओढलं की तुम्ही थांबायचं. झाडासारखं. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही. पट्टा सैल पडला की शाब्बास म्हणायचं, खाऊ द्यायचा आणि चालायला लागायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण दर खेपेला. आज थांबलात आणि उद्या कंटाळून त्याच्यामागे गेलात, तर तो उद्याचंच लक्षात ठेवेल. आणि पट्टा गळ्याला नको, छातीला घ्या.”

छातीचा पट्टा मी घरीच शिवला. जुन्या पलंगाची नवार होती, दुहेरी टीप मारून, पुढे छातीवर कडी लावून. भाकरीचे कडक तुकडे ओच्यात घेतले आणि घरामागच्या बोळात कप्तानला घेऊन उभी राहिले. सर अंघोळीला गेले की आमची शाळा सुरू.

पहिल्या दिवशी आम्ही बोळ काही ओलांडला नाही. तो ओढायचा, मी थांबायची. तो वळून बघायचा, बाईला झालंय तरी काय? पट्टा सैल पडायचा, मी “शाब्बास” म्हणून तुकडा द्यायची, दोन पावलं गेलं की परत ओढ. समोरची उज्ज्वला धुणं वाळत घालता घालता म्हणाली, “काकू, कुणाची वाट बघताय?”

“एसटीची,” मी म्हटलं. “आली की सांगते तुला.”

पण कुत्रं हुशार होतं. गणपती गेले, पितृपक्ष सुरू झाला, तोवर कप्तान माझ्या गुडघ्याला लागून चालायला लागला. शेळी गेली, मांजर गेलं, नुसता कान टवकारायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला आभाळ ठेंगणं झालं. एका सकाळी सरांना बळंच परसात आणलं आणि पट्टा त्यांच्या हातात दिला. “चाला.”

ते चालले, आणि सगळा विचका झाला. कप्तान माझ्या चालीनं निघाला. माझी चाल म्हणजे शिलाईचं मशीन, पाय पडला की सुरूच. सरांची पावलं बारीक बारीक, घासत जाणारी. पट्टा ताणला गेला, सर पुढे झुकले आणि मी मध्ये पडून त्यांना धरलं.

“झाली हौस?” ते म्हणाले. पट्टा माझ्या हातात ठेवून आत गेले.

मी तिथंच पायरीवर बसले आणि विचार केला. चूक कुत्र्याची नव्हती. त्याला चालायला शिकवलं होतं मी, पण माझ्याबरोबर. सरांबरोबर शिकवायचं तर सर हवेत, आणि सर पडायचा धोका पत्करून बोळात येणार नाहीत. मग राहिलं काय? दुसऱ्या दिवसापासून मी सरांसारखी चालायला लागले.

खांदे पुढे घेतले. पावलं बारीक टाकली, घासत घासत. एक पाय ओढला. हात थरथरवला. मध्येच बोळाच्या तोंडाशी गच्च थांबायची, मग दोनचार पावलं घाईघाईनं पुढे. कप्तान आधी गोंधळला. पुढे जायचा, थांबायचा, मागे यायचा. पण भाकरीचा तुकडा कुणाला कडू लागतो? हळूहळू तोही पाऊल बारीक टाकायला लागला.

“काकू, पाय मुरगळला काय?” उज्ज्वलानं विचारलं.

“नाही गं, कुत्र्याला शिकवतेय.”

“असं?” तिला काही कळलं नाही, पण हसू आलं. तिची सासू बाहेर आली, तीही बघत राहिली. शेजारच्या दोघी तिघी गच्चीवर जमल्या. मला त्यांची पर्वा नव्हती. मी पाय ओढत बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत वळले, आणि वळले तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सर उभे होते.

किती वेळ उभे होते देव जाणे. मी थांबले. गच्चीवरचं हसणंही थांबलं. सर खिडकीतून मागे झाले.

मी धावत आत गेले. ते खुर्चीत बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

“अहो, मी कप्तानला...”

“छान नक्कल करतेस.”

“नक्कल नाही हो. त्याला तुमच्या चालीची सवय...”

“गल्लीची करमणूक झाली. तिकीट लाव आता.”

“ऐकून तर घ्या!”

“बास.”

हा ‘बास’ मला माहीत होता. त्यानंतर आमच्या घरात कोणी बोलत नसे. मी चुलीसमोर जाऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. वाईट वाटलं त्याहून मला राग जास्त आला होता. कुणासाठी करत होते मी हे? चार बायकांसमोर पाय फेंगडे टाकत कुणासाठी चालत होते? आणि राग उतरला की परत त्यांचा चेहरा दिसायचा, खिडकीतला. आपण कसे चालतो ते त्या माणसानं पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं होतं. तेही बायकोच्या अंगात, आणि लोक हसत असताना.

त्यानंतर मी बोळात गेले नाही. नवारीचा पट्टा खुंटीला लटकत राहिला. घट बसले. सर जेवायचे, गोळ्या घ्यायचे, झोपायचे. माझ्याशी बोलायचे ते मिठापुरतं. कप्तान दारात आडवा पडून असायचा. बसवराजचा फोन आला, विंगच्या काकांशी बोलणं झालंय म्हणाला. मी बरं म्हटलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजायची. शेतकऱ्याचं असेल ते शेतकऱ्याचं, आमची हत्यारं म्हणजे माझं मशीन, कात्री, टेप, आणि सरांची शिट्टी. पितळेची शिट्टी, लाल गोंड्याची. रिटायर झाले तरी दरवर्षी पाटावर तिला जागा असायचीच. मी पाट मांडला, झेंडू ठेवले, शिट्टी उजळून ठेवली. हळदकुंकवाची कुयरी आणायला आत गेले, तोवर मागे पावलं वाजली. घासत येणारी.

बाहेर येऊन बघते तर सर पाटासमोर उभे. हातात नवारीचा पट्टा. ते वाकले, वेळ लागला वाकायला, पण मी पुढे झाले नाही. त्यांनी पट्टा शिट्टीच्या शेजारी ठेवला, नीट घडी करून. त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. हात थरथरला तसं फूल घरंगळलं, त्यांनी परत ठेवलं.

मी हळदकुंकू वाहिलं. मशीनला, कात्रीला, शिट्टीला, पट्ट्याला.

“डावा,” सर म्हणाले.

“काय?”

“मी ओढतो तो पाय डावा. तू उजवा ओढत होतीस.”

मी कुयरी खाली ठेवली.

“आणि हात. तू दोन्ही हात हलवत चालत होतीस. माझा डावा हात हलत नाही. अंगाला चिकटलेला असतो. कुत्रं डाव्या अंगाला चालणार, त्याला तो हात दिसणार. चुकीचं शिकवलंस तर तो चुकीचंच शिकणार ना?”

“मग दाखवा तुम्ही,” मी म्हटलं.

आरती झाल्यावर आम्ही परसात गेलो. सर फणसाखाली उभे राहिले आणि म्हणाले, “सावधान!” आवाज असा काही उरला नव्हता, एक कावळा उडाला नाही. पण कप्तान टुणकन उठून बसला आणि मीही, देवाशपथ सांगते, टाचा जुळवून उभी राहिले.

त्यांनी मला स्वतःसारखं चालायला शिकवलं. मैदानावर पोरांना शिकवायचे तसंच. “खांदा एवढा नको पाडू. एवढाच. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. वळताना मी एकदम वळत नाही, तुकड्या तुकड्यानं वळतो. बघ.” आणि ते वळून दाखवायचे. ज्या दुखण्याचं नाव घरात काढायची बंदी, त्याचा कण न् कण त्या माणसानं पाहून ठेवलेला होता. रोज स्वतःला तपासत होते ते, आणि मला वाटत होतं ते कबूलच करत नाहीत.

“थांबतेस तेव्हा लगेच निघतेस तू,” ते म्हणाले. “मी तसा निघत नाही. मला वेळ लागतो. तेवढा वेळ त्यानं खाली बसायला हवं. उभा राहिला की ओढणार.”

“पाय थांबतात तेव्हा काय होतं हो?” मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

“हुकूम पोचत नाही. मी आत ओरडत असतो, आगे कूच, आगे कूच. पाय ऐकत नाहीत. एवढ्या पोरांना चालायला शिकवलं मी, आणि माझेच दोन पाय...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला हुंदका आला. पण मी पक्की शिवणाऱ्या बायकांतली, रडता रडताही दोरा ओवते. म्हटलं, “मग आत कशाला ओरडता? बाहेर म्हणा की मोठ्यानं. मैदानावर काय मनातल्या मनात शिकवत होता?”

सर वळले. मग दाराकडे गेले. उंबऱ्याशी पाय अडकले, नेहमीसारखे. ते उभे राहिले. मी जागची हलले नाही. “डावा,” ते म्हणाले. “डावा. उजवा. डावा...” आणि डावा पाय उचलला गेला. उंबऱ्यापलीकडे जाऊन ते वळले, तुकड्या तुकड्यानं, आणि हसले. किती दिवसांनी हसले होते ते.

मग काय, रोज दोघंही बोळात. आधी मी, मग ते. मी सरांसारखी चालायची, सर मागून ओरडायचे, “डावा! डावा ओढ!” गच्चीवरच्या बायका परत जमल्या, पण आता कोणी हसत नव्हतं. उज्ज्वला एकदा खाली आली, आणि न बोलता दगडगोटे उचलून तिनं बोळ साफ करून दिला. माणूस थांबला की कप्तान बसायचा, वर तोंड करून वाट बघायचा. ‘डावा’ ऐकलं की उठायचा. अगदी बारीक पावलं टाकत चालायचा. एवढं दांडगं जनावर, पण सरांच्या शेजारून असं जायचं जसं हातात भरलेली घागर आहे.

वसुबारसेला पहाटे बसवराज आला. गाडी घेऊनच आला होता, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून. कप्तानसाठी. चहा पिता पिता म्हणाला, “उद्या सकाळीच सोडून येतो विंगला.”

“माझे बूट आण,” सर म्हणाले.

“बाबा, कुठं निघालात?”

“घाटावर. कप्तानला घेऊन.”

“आई, तू काही बोलणार आहेस की नाही?” बसवराज माझ्यावर उखडला. “परत पडले म्हणजे?”

मी खाली बसून सरांच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. “पडले तर तुझी गाडी आहेच दारात,” मी म्हटलं. “कुत्र्याला ने आणि यांना दवाखान्यात ने.” आज पडले तर हा माणूस परत उंबरा ओलांडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

“मागे कोणी यायचं नाही,” सर म्हणाले, आणि निघाले.

आम्ही मागे गेलो, हे काय सांगायला हवं? मी हातात भाजीची पिशवी घेतली, बसवराज माझ्याशेजारून. बऱ्यापैकी अंतर ठेवून. सर पेठेतून चालले. शकीलनं दुकानातून हात केला, सरांनी मान हलवली. वाण्याच्या फळीखालून तेच मेलं मांजर बाहेर आलं. कप्तानचं सगळं अंग ताठलं, पट्टा ताणला गेला. बसवराज धावायला निघाला, मी त्याचा दंड धरला.

सर थांबले. झाडासारखे. ओरडले नाहीत, खेचलं नाही. कप्ताननं मांजराकडे बघितलं, मग वळून सरांकडे, आणि मागे येऊन त्यांच्या डाव्या पायाशी उभा राहिला. पट्टा सैल पडला. दोघं पुढे निघाले.

घाटावर उतरायच्या आधी दगडी कमान आहे. रस्ता तिथं एकदम अरुंद होतो. मला त्याच जागेची भीती होती. सर कमानीशी आले आणि पाय थांबले. मला लांबूनही कळलं, खांदे बघून. लोक येत जात होते, देवळात जाणाऱ्या बायका, दूधवाले. सगळे त्यांना वळसा घालून जात होते. कप्तान खाली बसला. सर हलेनात. माझ्या हातात बसवराजचा दंड होता, तो मी इतका आवळला की नंतर वळ उठले म्हणाला.

एक दूधवाला सायकल धरून थांबला. “काय सर, कुत्रं अडलं काय?”

“हो ना,” सर म्हणाले. आम्ही तोवर भिंतीच्या आडोशानं जवळ सरकलो होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. “फार हट्टी आहे.”

“लाडावलंय तुमचं,” दूधवाला हसला आणि पुढे गेला.

सर परत एकटे राहिले. त्यांचे ओठ हलले. कप्तान उठला. डावा पाय निघाला, मग उजवा, आणि दोघं कमानीतून पलीकडे गेले. पलीकडे नदीवर ऊन पडलेलं होतं. त्या उजेडात पाठमोरा माणूस आणि त्याच्या शेजारी कुत्रं, दोघं एकाच चालीनं पायऱ्यांच्या कडेकडेनं जाताना दिसले. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांच्याकडे. मला तेच तर हवं होतं.

बसवराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. चेहरा पुसत होता. घरी परतल्यावर तो सरळ गाडीकडे गेला, मागच्या सीटवरची चादर काढली, झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली. “कप्तानला अंथरायला होईल,” म्हणाला. विंगचं नाव परत निघालं नाही.

सर त्यानंतर पुढची काही वर्षं रोज घाटावर गेले. मग पेठेच्या टोकापर्यंत, मग वाण्याच्या दुकानापर्यंत, मग परसात फणसाखाली. शेवटी कॉटवर होते तेव्हा कप्तान खाली चादरीवर बसलेला असायचा, वर तोंड करून, ‘डावा’ची वाट बघत. सर गेले तेव्हाही तो तसाच बसलेला होता.

दिवस झाले, पाहुणे गेले. बसवराज म्हणाला, आई, बाहेर पड जरा. मी खुंटीवरचा पट्टा काढला. नवार विरली होती, परत टीप मारून घेतली. कप्तान म्हातारा झाला होता, तोंड पांढरं पडलं होतं. आम्ही घाटाकडे निघालो. माझी चाल अजून मशीनची, पण तो आपला बारीक बारीक पावलं टाकत माझ्या डाव्या अंगानं. मीच पाऊल लहान केलं. पेठ ओलांडली, शकीलनं हात केला, मी मान हलवली. मी अगदी नीट होते. मला वाटलं, जमतंय की.

कमान आली. कमानीतून पलीकडची नदी दिसत होती, ऊन पडलेली, आणि पायऱ्यांच्या कडेला कोणी नव्हतं. माझे पाय थांबले. मी म्हटलं, चल. मनातल्या मनात म्हटलं. पाय निघेनात. कप्तान खाली बसला, वर तोंड करून माझ्याकडे बघत.

लोक वळसा घालून जात होते. तो दूधवाला आता सायकलवरून मोटरसायकलवर आला होता. त्यानं वेग कमी केला.

“काय काकू, कुत्रं अडलं काय?”

“हो ना,” मी म्हटलं. “फार हट्टी आहे.”